भांडाराला लागलेले कुलूप



आजच्या विषयाचा फलक वाचून एक गृहस्थ दुपारीच आमच्याकडे आले. त्यांच्या गोदामाचे कुलूप आठ दिवसांपासून अडले होते. किल्ली फिरत होती, पण दांडी सुटत नव्हती. व्याख्यान संध्याकाळी आहे हे खरे, परंतु तोवर माल आत अडकून पडतो, तेव्हा उपाय आत्ताच सांगावा, अशी त्यांची विनंती होती. आम्ही त्यांस शिवणयंत्राचे तेल घालून पाहा म्हणालो, आणि आमचे कुलूप निराळे आहे, ते तेलाने सुटत नाही, हेही सांगितले. ते काहीसे निराश होऊन परत गेले. ते सभेस आले असतील तर त्यांची क्षमा मागून सुरुवात करतो.

आमचे भांडार लोखंडी दाराचे नव्हे. येथल्या पुष्कळ घरांतील मुलेमुली पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहेत. रात्री घरी फोन येतो आणि मुलगा सांगतो, "आई, रेपो लॉक झालाय, आज उशीर होणार." आईला एवढेच कळते की कशाला तरी कुलूप लागले आहे आणि पोरगा उपाशी आहे. हा रेपो म्हणजे रिपॉझिटरी, मराठीत भांडार. वीस-पंचवीस माणसे मिळून एकच लिखाण करीत असतात. ते कधी संगणकाच्या कार्यक्रमाचे असते, कधी पुस्तकाचे, कधी नकाशांचे. कोणी काय बदलले, केव्हा बदलले आणि का बदलले, याची नोंद ठेवून प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवणारी जी व्यवस्था, तिला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात.

शेतकऱ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपला सातबारा घ्या. जमीन आज कोणाच्या नावावर आहे एवढे लिहून महसूल खाते थांबत नाही. नाव बदलावयाचे झाले की फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद पडते. तिला क्रमांक मिळतो, संबंधितांस नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कंसात घातलेले आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा आकडा, हे ज्याने पाहिले नाही असा मनुष्य या सभेत विरळा. नाव कंसात जाते, पुसले जात नाही. त्या आकड्यामागून गेले की वाटणी केव्हा झाली, खरेदी कोणी दिली, वारस कोण लागले, सारे हाती येते. संगणकातले भांडार हीही एक फेरफार नोंदवहीच होय. मात्र येथे वही एका जागी, सर्व्हरवर, असते आणि काम करणारा प्रत्येक जण आपापल्या संगणकावर एक कामाची प्रत बाळगतो. तो तिच्यात बदल करतो, इतरांचे बदल मागवून घेतो, आणि आपले काम पक्के झाले की ते भांडारात जमा करतो. जमा केले की त्याला क्रमांक पडतो. जमा होईपर्यंत मात्र ते काम त्याच्या एकट्याच्या प्रतीत असते, दुसरे कोठेही नसते. हे वाक्य जरा लक्षात ठेवावे, कारण आमच्या चुकीचे सारे मूळ त्यातच आहे.

आता ती चूकच सांगतो.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली भीमेच्या दोन्ही काठांवरील गावे गेली. पळसदेवाचे जुने देऊळ पाणी फार ओसरले की वर येते आणि ते पाहावयास माणसांची रीघ लागते. देऊळ दगडाचे, म्हणून वर येते. शेतांची नावे वर येत नाहीत. कोणत्या पट्टीला काय म्हणत, नदीला पायउतार कोठे होता, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही आटत नसे, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे थकत चालली होती. म्हणून २००९ साली आम्ही पाचसहा मित्रांनी ही नावे लिहून काढण्याचे मनावर घेतले. गावागणिक एक खण, त्यात शेतांची फाइल, विहिरींची फाइल, माणसांच्या आठवणींची फाइल आणि हाताने काढलेला एक नकाशा, अशी योजना होती. आमच्यापैकी एक जण पुण्यास संगणकाच्या नोकरीत होता. त्याने आपल्या यंत्रावर सबव्हर्जन नावाच्या व्यवस्थेचे भांडार उभारून दिले. आमच्या संगणकांवर कासवाचे चित्र असलेला टॉर्टॉइज बसवून दिला, आणि रोज रात्री जमा करीत जा, असे चारचारदा बजावले.

त्या वर्षांतले भारनियमन कोणी विसरले असेल असे आम्हांस वाटत नाही. वीज येण्याचे वेळापत्रक असे, आणि जाण्याला मात्र ते नसे.

आमच्यातला सर्वांत धाकटा, नुकताच बारावी झालेला मुलगा, एका बुडीत गावच्या वृद्ध नावाड्याकडे संध्याकाळी जाऊन बसे. त्यांना आम्ही सारे आप्पा म्हणत असू. आप्पा सांगत आणि हा रात्री घरी येऊन टंकलिखित करी. अशा अकरा संध्याकाळी झाल्या. सगळे पक्के झाल्यावर एकदम जमा करू, या विचाराने त्याने अकरा दिवसांत एकदाही जमा केले नाही. अर्धेमुर्धे काम चारचौघांपुढे कसे मांडावे, हा संकोच होता. हा संकोच चांगल्या मुलांनाच असतो आणि तो फार नडतो. बाराव्या रात्री त्याने शिस्तीने आधी इतरांचे बदल मागवून घ्यावयास सुरुवात केली, आणि ते येत असतानाच वीज गेली. बॅटरीचा डबा होता, पण तो केव्हाच निकामी झालेला.

सकाळी यंत्र सुरू केले तर कासव हटून बसले. कामाच्या प्रतीला कुलूप आहे, असा इंग्रजी संदेश. काही मागवता येईना, काही जमा करता येईना. मुलगा घाबरला. त्याने गावातल्याच एका जाणत्या मित्राला विचारले. त्याने सांगितले, "दोन मिनिटांचं काम आहे. तो फोल्डर उडवून टाक आणि नवीन प्रत उतरवून घे." मुलाने तसे केले. नवी प्रत आली. स्वच्छ आली, तिला कुलूप नव्हते, आणि तिच्यात आप्पांच्या अकरा संध्याकाळीही नव्हत्या.

त्या मित्राने दिलेला सल्ला खोटा नव्हता. ज्या प्रतीत जमा न केलेले काहीच नाही, ती खुशाल टाकून द्यावी आणि दुसरी घ्यावी. मूळ भांडार सर्व्हरवर सुरक्षितच असते. पण प्रतीत काही बाकी आहे काय, हे त्याने विचारले नाही आणि याने सांगितले नाही.

मुलगा पुन्हा आप्पांकडे गेला. आप्पांनी कुरकुर केली नाही, पुन्हा सांगितले. परंतु दुसऱ्या खेपेस सांगितले ते पहिल्यासारखे नव्हते. पहिल्या वेळी नदीच्या उतारापाशी चार विहिरी होत्या, दुसऱ्या वेळी तीनच निघाल्या. चौथीचे नाव मुलाने स्वतःच्या हाताने टंकलिखित केले होते, आणि ते त्यालाही आठवेना. आप्पांना विचारले तर ते म्हणाले, "चार कुठल्या? तीनच." आता यातले खरे कोणते? म्हातारपणी माणूस विसरतो हे खरे. पण पहिल्या वेळी बोलण्याच्या भरात त्याने एखादी विहीर वाढवलीही असेल. दोन्ही कथने समोरासमोर ठेवता आली असती तर काही ताडता आले असते. आवृत्ती-नियंत्रण असते ते याचसाठी, आणि आम्ही नेमकी तीच गोष्ट आमच्या हाताने फेकून दिली होती.

त्या सकाळी काय करावयास हवे होते? गंमत अशी की तो इंग्रजी संदेश स्वतःच उपाय सांगत होता. क्लीनअप ही आज्ञा चालवा, असे त्यात लिहिलेले होते. यंत्राने लाल अक्षरांत काही लिहिले की ते वाचावयाचे सोडून आपण त्याला घाबरतो. महावितरणच्या नोटिशीप्रमाणे ते न वाचताच घडी घालतो.

या क्लीनअपची करामत काय ती थोडी समजावून घेण्यासारखी आहे. सबव्हर्जन तुमच्या प्रतीत काही बदल करू लागते तेव्हा प्रथम दाराला कुलूप घालते, म्हणजे एक छोटी फाइल तेथे निर्माण करते. मग, आता मी अमुक करणार, नंतर तमुक करणार, अशी कामांची चिठ्ठी लिहून ठेवते. मगच एकेक काम करीत जाते, आणि सर्व उरकले की चिठ्ठी फाडून कुलूप काढते. मधेच वीज गेली तर कुलूप तसेच राहते आणि चिठ्ठीही तशीच राहते. क्लीनअप म्हणजे नुसते कुलूप तोडणे नव्हे. ती चिठ्ठी वाचते, राहिलेली कामे पुरी करते, आणि नंतर कुलूप काढते. म्हणून कुलपाची फाइल आपल्या हाताने पुसून टाकणारा मनुष्य काम अर्धे ठेवून दार उघडतो. २००९ सालच्या सबव्हर्जनमध्ये प्रत्येक खणात असे वेगळे कुलूप असे. २०११ च्या १.७ या आवृत्तीपासून साऱ्या प्रतीची ही व्यवस्था एका छोट्या डेटाबेसमध्ये नेली गेली. कुलूप आणि चिठ्ठी या दोन्ही गोष्टी आता त्यातच असतात. उपाय तोच राहिला. आणि मुलाचे लिखाण? ते पहिल्यापासून अखेरपर्यंत त्या फोल्डरमध्ये सुखरूप होते. कुलूप लागले होते ते यंत्राच्या हिशेबाला. आप्पांच्या शब्दांना कोणी हात लावलेला नव्हता. ते आम्हीच पुसले.

कोणी विचारील की हे कुलूप हवेच कशाला? याचे उत्तर आपल्या एस. टी. स्थानकावर मिळते. सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. रुमाल पडला की ती जागा धरली गेली. दोन माणसांनी एकाच जागेवर एकदम बसू नये म्हणून समाजाने काढलेली ही युक्ती आहे. ती कोठल्याही नियमात लिहिलेली नाही, आणि तरी बहुतेक लोक ती पाळतात. संगणकातले कुलूप हा असाच रुमाल आहे. अमुक नावाची फाइल आधीच नसेल तरच ती निर्माण कर, अशी एक आज्ञा यंत्राला देता येते. दोन कार्यक्रमांनी ती एकाच क्षणी दिली तरी एकाचाच रुमाल पडतो, दुसऱ्याला नकार मिळतो. तंटा मिटतो.

पण रुमालाचा एक दोष आहे. माणूस प्रत्यक्ष बसलेला असेल तर तो उठून गेल्यावर जागा आपोआप रिकामी होते. रुमाल टाकणारा चहा प्यावयास गेला आणि त्याची गाडी चुकली, तर गाडी इंदापूर ओलांडून जाते तरी रुमाल तेथेच, आणि म्हातारी बाई उभीच. संगणकातही दोन्ही तऱ्हा आहेत. काही कुलपे धारकाबरोबर जन्मतात आणि तो मेला की यंत्र ती स्वतः काढून घेते. फाइलच्या रूपातले कुलूप मात्र धारकाच्या मागे उरते. भारनियमनाने धारक मेला आणि रुमाल राहिला. म्हणून खरा प्रश्न कुलूप कसे तोडावे हा नसून रुमालाचा मालक गाडीत आहे काय, हा आहे. मालक मागच्या दाराशी सामान चढवीत असेल आणि आपण रुमाल उचलला, तर भांडण होणारच. एक कार्यक्रम खरोखर प्रतीत लिहीत असताना दुसऱ्या खिडकीतून क्लीनअप चालवली तर त्याच्या पायाखालची चिठ्ठी ओढली जाते. आधी पाहावे की आपलेच कासव दुसऱ्या कोपऱ्यात काही करीत तर नाही, एखादे संपादन-यंत्र उघडे तर नाही. विंडोजवर पुष्कळदा विषाणूंचा पहारेकरी कार्यक्रम फाइल धरून बसतो आणि क्लीनअपही अपुरी राहते. तेव्हा त्याला क्षणभर बाजूस करावे, यंत्र एकदा बंद करून चालू करावे, आणि मग क्लीनअप पुन्हा चालवावी.

येथवर एका कुलपाचे झाले. घोटाळा असा की सबव्हर्जनमध्ये कुलूप हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. पहिले आपण पाहिले ते कामाच्या प्रतीचे. दुसरे प्रत्यक्ष भांडाराच्या पोटातले. सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती २००४ च्या फेब्रुवारीत निघाली तेव्हा भांडार बर्कली डीबी नावाच्या डेटाबेसमध्ये असे. सर्व्हर मधेच पडला की तो डेटाबेस अडकून बसे आणि सर्वांचेच दार बंद होई. सर्व्हरच्या चालकाने इतर साऱ्यांना बाहेर काढून रिकव्हर ही आज्ञा चालवावी, हा त्यावरचा उपाय. २००५ पासून साध्या फाइलींची दुसरी पद्धत रूढ झाली आणि हे दुखणे जवळजवळ गेले. आजही कोणी भांडारच अडकले म्हणून ओरड केली, तर बहुधा चकती भरलेली निघते, किंवा चालकाने मालक म्हणून काही फाइली आपल्या नावे करून ठेवलेल्या निघतात आणि इतरांना त्यांत लिहिता येत नाही. ते कुलूप नव्हे. दाराशी बसलेला पहारेकरी आहे तो, त्याच्याशीच बोलावे लागते.

तिसरे कुलूप माणसाने हेतुतः लावलेले असते, आणि ते सर्वांत नाजूक. लिखाणात दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर यंत्र त्या जुळवून देते. चित्राचे तसे होत नाही. एकाच नकाशात दोघांनी दोन रेघा ओढल्या तर कोणाचा तरी नकाशा टाकून द्यावा लागतो. म्हणून २००५ च्या १.२ या आवृत्तीपासून एखादी फाइल आपल्या नावे राखून ठेवण्याची सोय झाली. आमच्या नकाशांना आम्ही ती लावली होती. नकाशा काढणारी आमची एक मैत्रीण होती. हात फार सुरेख. तिने एका गावाचा नकाशा राखून घेतला, कारण म्हणून "उताराची जागा दुरुस्त करते" एवढे लिहिले, आणि पुढे तिचे लग्न ठरले. दोन महिने गेले. नकाशा कोणाला जमा करता येईना. आमच्यातल्या एकाचे मत पडले की चालकाला सांगून ते मोडून टाकावे.

तसे मोडता येते. चालक आपल्या आज्ञेने ते काढू शकतो, आणि कोणीही साधा सभासद जोर लावून दुसऱ्याचे कुलूप मोडू शकतो किंवा स्वतःच्या नावे करून घेऊ शकतो. सबव्हर्जन यासाठी शब्द वापरते ते मोठे सरळ आहेत. स्थितीच्या यादीत फाइलीपुढे एकेक अक्षर येते. के असेल तर कुलूप आपले आहे, ओ असेल तर दुसऱ्याचे, बी म्हणजे मोडलेले आणि टी म्हणजे चोरलेले. यंत्र चोरीला चोरीच म्हणते, हे आम्हांस आवडले. कामाच्या प्रतीच्या कुलपाला निराळे अक्षर आहे, एल. ते दिसले तर क्लीनअप करावी. ओ दिसले तर क्लीनअपने काहीही होत नाही. तेथे माणसाला गाठावे लागते.

आम्ही तिला फोन केला. लग्नघरातून ती बोलली. म्हणाली, "अहो, नकाशा पुरा झालाय! माझ्या लॅपटॉपवर आहे. जमा करायचा राहूनच गेला." दुसऱ्या दिवशी तिने तो जमा केला, आणि जमा होताच कुलूप आपोआप निघाले. सबव्हर्जनची तशी रीतच आहे. आम्ही आधी मोडले असते, दुसऱ्याने जुन्याच नकाशावर रेघा ओढून जमा केल्या असत्या, तर तिचे दोन महिन्यांचे काम परतून आले असते आणि दोहोंतला एक नकाशा फेकावा लागला असता. एका फोनचे काम होते. त्यापूर्वी आम्ही आठ दिवस आपसात तिच्यावर चिडत होतो, हे सांगितले पाहिजे.

जुन्या व्यवस्थांत हे अधिक माणुसकीने होत असे, असे आमचे मत आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९७२ साली अशी पहिली नावाजलेली व्यवस्था झाली. पुढे १९८२ च्या सुमारास आरसीएस आली. तिच्यात कोणतीही फाइल बदलावयाची तर आधी कुलूप घ्यावेच लागे. एकाचे काम होईपर्यंत बाकीचे खोळंबत. पण कोणी दुसऱ्याचे कुलूप मोडले तर ज्याचे मोडले त्याला यंत्र आपण होऊन पत्र पाठवी. मोडणारा बेनाम राहत नसे. १९८६ च्या सीव्हीएसपासून उलटी रीत आली. सर्वांनी एकदम काम करावे आणि नंतर जुळवावे, ही ती रीत, आणि बहुतेक कामांसाठी तीच सोयीची ठरली. आपल्या मराठीचेच उदाहरण आहे. केडीई या मुक्त संगणक-मंचावरील शब्द आणि वाक्ये जगातील अनेक भाषांत स्वयंसेवक करतात, त्यांत मराठीही आहे. त्या प्रकल्पाने २००५ साली सबव्हर्जन घेतले. पुढे कार्यक्रमांचे लिखाण गिटकडे गेले, तरी भाषांतरे सबव्हर्जनमध्ये राहिली. अनेक हात त्या फाइलींना लागतात आणि कुलपावाचून काम चालते. शब्द जुळतात, नकाशे जुळत नाहीत, एवढाच तो भेद.

आज तरुण मंडळी बहुधा गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ च्या एप्रिलमध्ये सुरू केले. त्यात प्रत्येकाजवळ पुरी वहीच असते, मग कुलपाचा प्रश्न कोठे आला, असे कोणी म्हणेल. परंतु तेथेही इंडेक्स डॉट लॉक नावाची फाइल वीज गेली की मागे उरते आणि दुसरी गिट-प्रक्रिया चालू असावीसे दिसते, असा निरोप येतो. हा निरोप तरी वाचा, असे आम्ही मुलांना सांगतो. तो प्रामाणिक आहे. दुसरे कोणी चालू आहे काय ते पाहा, आणि नसेल तर ही फाइल स्वतः काढा, असे तो सांगतो. येथे हाताने काढणे योग्य असते. गिट नवी यादी त्या कुलपाच्या फाइलीतच लिहिते आणि पुरी झाल्यावर तिचे नाव बदलून ती जुनीच्या जागी ठेवते, म्हणून अर्धवट राहिलेली फाइल काढल्याने जुनी यादी बिघडत नाही. एका घरची चाल दुसऱ्या घरी लावू नये ती यासाठी. सबव्हर्जनचे कुलूप हाताने काढणारा चुकतो, गिटचे तसे काढणारा बहुधा चुकत नाही.

त्या प्रकारानंतर आमच्यात एक रीत पडली, ती आजही आहे. कुलपाचा निरोप आला की प्रथम कोणी काही करावयाचे नाही. साऱ्या फोल्डरची, कुलपासकट, जशीच्या तशी एक नक्कल दुसऱ्या जागी करून ठेवावयाची. पेन ड्राइव्हवर दोन मिनिटांत होते ती. मग संदेश मोठ्याने वाचावयाचा. मोठ्याने वाचला की अर्धे अडथळे सुटतात, हा आमचा अनुभव आहे, त्याचे कारण विचारू नका. मग कुलूप कोणाचे ते पाहावयाचे, आणि ते माणसाचे निघाले तर फोन करावयाचा. तोडणे त्यानंतर. अर्धेमुर्धे कामही रोज रात्री जमा करावयाचे, चुका राहिल्या तरी, कारण चूक दुसऱ्या दिवशी नव्या क्रमांकाने सुधारता येते.

२०१४ साली आम्ही ते भांडार गिटमध्ये नेले. असे नेताना जुन्या नोंदी तारखांसह आणि लिहिणाऱ्यांच्या नावांसह आणता येतात, आणि आम्ही त्या आणल्या. त्या मुलाची नोंदही त्यात आली. आप्पांचे कथन दुसऱ्यांदा जमा करताना त्याने कारणाच्या रकान्यात लिहिले होते: "आप्पांचे सांगणे, दुसरी खेप. पहिली खेप माझ्या हातून गेली. उतारापाशी चौथी विहीर होती की नव्हती ते ठरत नाही. नाव राहिले." आम्ही ते तसेच ठेवले आहे. आप्पा आता नाहीत. सभेत बुडीत गावांपैकी कोणी मंडळी असतील, आणि आपल्या गावच्या उतारापाशी तीन नव्हे, चार विहिरी होत्या असे कोणाला आठवत असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारता येत असेल, तर त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आम्हांस जरूर भेटावे. वही आणली आहे.